परिषदेला जाताना आपला तालुका सोबत न्या

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र या आठवड्यात उत्तरासाठी घेतले आहे. त्या संत्रा उत्पादकांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहेत आणि त्यांचे एम.ए. अर्थशास्त्र मराठी माध्यमातून झाले आहे. त्या लिहितात : ‘नागपूरला प्रादेशिक आर्थिक विकासावर दोन दिवसांची परिषद होणार आहे. संत्र्याच्या व्यवहारातला किती पैसा आमच्या तालुक्यात टिकतो, या विषयावर मी पाठवलेला गोषवारा स्वीकारला गेला असून मला बारा मिनिटे मिळणार आहेत. मात्र तिथे बहुतेक प्राध्यापक आणि अधिकारी असतील, बोलणे इंग्रजीत होईल आणि मी तर गावोगाव फिरणारी कार्यकर्ती. आमचे विश्वस्त म्हणतात की परिषदेतून एखादा प्रकल्प किंवा गुंतवणूकदार आणणार असशील तर जा, नाहीतर नोंदणी शुल्काचा खर्च कशासाठी? मी जावे का, आणि गेले तर नेमके काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अवश्य जावे. हे मी तुमचा उत्साह वाढवण्यासाठी लिहीत नाही. प्रादेशिक विकासाच्या चर्चेत ज्या गोष्टीची उणीव गेली कित्येक वर्षे जाणवते, नेमकी तीच तुमच्या गोषवाऱ्यात आहे, आणि ती तिथे पोहोचली नाही तर नुकसान तुमच्यापेक्षा परिषदेचे अधिक होईल, असे मला मनापासून वाटते.

आधी विश्वस्तांच्या अपेक्षेविषयी लिहितो, कारण तिथे एक गैरसमज दिसतो. ‘विकास परिषद’ या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या प्रकारचे मेळावे भरतात. एका प्रकारात उद्योजक, बँका आणि शासनाचे विभाग एकत्र येतात, दालने लागतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात. दुसऱ्या प्रकारात शोधनिबंध वाचले जातात, त्यांवर हरकती घेतल्या जातात आणि धोरणाची दिशा तपासली जाते. तुमची परिषद दुसऱ्या प्रकारची आहे. तिथे गुंतवणूकदार शोधायला गेलात तर दोन्ही दिवस वाया जातील. विश्वस्तांना हे जाण्यापूर्वीच स्पष्ट सांगा आणि त्याऐवजी आपण काय आणणार आहोत ते लेखी द्या : आपल्या आकडेमोडीवर जाणकारांच्या हरकती, अन्य फळपट्ट्यांतील अनुभव आणि पुढे विचारणा करता येईल अशी चार माणसे. संस्थेला पुढे कोणाकडेही प्रस्ताव घेऊन जायचे असेल, तर आकडे आधी तपासून घेतलेले असणे तिच्याच हिताचे आहे.

आता मुख्य मुद्दा. प्रादेशिक असमतोलाचा वाद महाराष्ट्रात राज्य स्थापन होण्याच्याही आधीपासून चालू आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग डोळ्यांसमोर ठेवून निधीच्या वाटपाचे आश्वासन दिले. घटनेच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडाने याच तीन विभागांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद केली. ही मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या सगळ्या प्रवासात मोजण्याचे एकक मोठेच राहिले. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८४ मध्ये अहवाल देणाऱ्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने जिल्हा हे एकक धरले. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याच्या सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांना सरासरीपर्यंत आणण्यासाठी किती खर्च येईल, याचा हिशेब करून तिने ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. शेवटचा आकडा अनेकांना ठाऊक नसतो. आपण ज्याला सरसकट पुढारलेला समजतो, त्या भागातही मागे पडलेले जिल्हे होते आणि जिल्हा हे एकक धरले म्हणूनच ते दिसले.

जिल्ह्याने विभागाची सरासरी फोडली, मग जिल्ह्याची सरासरी कोण फोडणार, हा प्रश्न त्यानंतर उभा राहणे स्वाभाविकच होते. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुका या एककाचा आग्रह धरला. तो अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळासमोर आला. अहवालावर कोणाची कोणतीही मते असोत, तालुक्यापर्यंत उतरण्याचा त्यातला आग्रह योग्य होता असे माझे मत आहे. तरीही तालुक्याची आकडेवारी आजवर पुरेशी उभी राहिलेली नाही. तालुक्याचे चित्र मांडायचे झाले की अभ्यासकाला बहुतेक वेळा २०११ च्या जनगणनेकडेच वळावे लागते. तालुक्यातला पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, याची नोंद तर कोणत्याच कार्यालयात सलग सापडत नाही. तुम्ही बागाबागांतून फिरून जे टिपले आहे, त्याची किंमत इथे आहे. प्राध्यापकांच्या सभेत एक कार्यकर्ती काय सांगणार, अशी भीती मनात येईल तेव्हा हे लक्षात असू द्या की त्या सभागृहातल्या बहुतेकांकडे तुमच्या तालुक्याचा हा हिशेब नसेल.

एका आकड्याविषयी मात्र तुम्ही तयारीनेच जावे, कारण तो परिषदेत वारंवार पडद्यावर येईल : जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत प्रसिद्ध होते आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हावार अंदाज सगळे वापरतात. तुम्हीही वापरा, पण तो आकडा काय सांगत नाही, हे जाणून वापरा. जिल्ह्याच्या हद्दीत जे उत्पादन झाले त्याचे मूल्य तो सांगतो. ते उत्पन्न त्या जिल्ह्यात राहणाऱ्यांच्या हाती पडले की नाही, हे तो सांगत नाही. चंद्रपूरचे उदाहरण घ्या. कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र यांचे उत्पादन चंद्रपूरच्या खात्यावर जमा होते, पण वीज राज्यभर जाते, नफा कंपन्यांच्या मुख्यालयांकडे जातो आणि धूर मात्र तिथल्याच माणसांच्या वाट्याला राहतो. शिवाय सगळ्याच क्षेत्रांचे जिल्हावार आकडे थेट मोजलेले नसतात, काही बाबतींत राज्याची बेरीज ठरावीक निर्देशकांनुसार जिल्ह्यांत वाटली जाते. नागपूर जिल्ह्याचे तर विचारूच नका. शहरातली कार्यालये, रुग्णालये, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या कंपन्या यांच्यामुळे जिल्ह्याची सरासरी विदर्भात उंच दिसते आणि त्या उंचीखाली नरखेड, भिवापूर, कुही असे तालुके झाकले जातात. याच विभागातले गडचिरोली आणि वाशीम राज्याच्या यादीत तळाकडे आहेत. म्हणून ‘विदर्भ मागासलेला आहे’ या वाक्याने सुरू होणारे भाषण आणि ‘नागपूर झपाट्याने वाढते आहे’ या वाक्याने सुरू होणारे भाषण, दोन्हींत काटोलचा शेतकरी सापडत नाही.

आता तुमच्या निबंधाकडे वळू. विषय उत्तम आहे, पण तो टिकेल की नाही हे तीन-चार व्याख्यांवर ठरेल आणि प्रश्नही नेमके तिथेच येतील. ‘तालुक्यात टिकणारा पैसा’ म्हणजे काय, हे पहिल्याच मिनिटात सांगा. माझी सूचना अशी की व्यापाऱ्याने अंतिम बाजारात घेतलेली किंमत हा आरंभ धरा आणि तिचे तुकडे करत मागे या : बागवानाला मिळालेली रक्कम, तोडणीची मजुरी, प्रतवारी आणि मेणाचा थर देण्याचा खर्च, क्रेट किंवा खोके, वाहतूक, अडत आणि व्यापाऱ्याचा नफा. प्रत्येक तुकड्यापुढे तो घेणारा माणूस कोठे राहतो आणि खर्च कोठे करतो, हे लिहा. तोडणीचे मजूर पांढुर्णा-छिंदवाड्याकडून येत असतील, तर ती मजुरी काटोलमध्ये दिली जाते, पण काटोलमध्ये राहत नाही. प्रतवारीचे केंद्र वरुडला असेल, तर तो पैसा शेजारच्या जिल्ह्याला मिळतो. त्यानंतर बागवानाच्या हातातल्या रकमेतूनही खते, औषधे, ठिबकच्या नळ्या आणि कर्जावरचे व्याज यांच्या रूपाने काही भाग बाहेर जातो, तोही दाखवायला विसरू नका. अनेक मांडण्या बागवानाच्या हिश्श्यापाशीच थांबतात आणि त्यामुळे चित्र प्रत्यक्षापेक्षा बरे दिसते.

आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांचे, म्हणजे संत्र्याच्या वर्षातल्या दोन हंगामांचे, आकडे चुकूनही एकत्र करू नका. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघते, मृगाचे फेब्रुवारीनंतर. दोन्ही वेळचे भाव, गिऱ्हाईक आणि पाण्याचा खर्च वेगळा असतो. बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकण्याचा सौदा आणि शेतकऱ्याने स्वतः नागपुरातल्या कळमन्याच्या बाजार समितीत माल नेणे, हेही दोन स्वतंत्र हिशेब आहेत. कळमन्याच्या आवकेचा आकडा संपूर्ण उत्पादनाचा आरसा म्हणून कोणी मांडला, तर २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त झाल्यापासून, म्हणजे बाजार समितीतच विकण्याचे बंधन उठल्यापासून, बाजार आवाराबाहेर होणारी विक्री त्या नोंदीत येत नाही, ही गोष्ट नम्रपणे सभागृहासमोर ठेवा. बांगलादेशने आयातशुल्क वाढवत नेल्यावर ज्या वर्षी निर्यात घसरली, ते वर्ष तुमच्या आकड्यांत आहे का, हेही पाहा. असेल तर तेवढ्या एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

प्रक्रिया उद्योगाचा प्रश्न नक्की विचारला जाईल. ‘रसाचा कारखाना काढला की पैसा तालुक्यातच राहील’ असे कोणीतरी आत्मविश्वासाने सांगेल. नागपुरी संत्र्यात बिया असतात आणि रस काढून ठेवला की लिमोनिन या घटकामुळे त्याला कडवटपणा येतो. खाण्यासाठी उत्तम असलेले हे फळ रसासाठी तितके सोपे नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. यावर काय करता येईल, हे विचारण्यासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. परिषदेच्या आधीच तिथल्या शास्त्रज्ञांची वेळ घेऊन भेटून घ्या आणि त्यांचे म्हणणे निबंधात त्यांच्या संमतीने नोंदवा. अर्थशास्त्राच्या परिषदेत फळाचा स्वभाव माहीत असलेला माणूस दुर्मीळ असतो.

आणखी एक विचार तुमच्या उपयोगी पडेल. तुमचा संत्रापट्टा राज्याच्या सीमेवर संपत नाही. सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात आहेत, पण तिथली भाषा, तिथले फळ आणि तिथले व्यापारी तुमच्या ओळखीचेच आहेत. १९५६ पर्यंत तो सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. तेव्हा ‘प्रदेश’ म्हणजे प्रशासनाने आखलेली हद्द की माणसांच्या आणि मालाच्या रोजच्या येण्याजाण्याने बनलेला पट्टा, हा प्रश्न तुमच्या निबंधाच्या शेवटी एका परिच्छेदात मांडला, तर परिषदेचा विषय आणि तुमचा तालुका यांची सांगड आपोआप बसेल.

नमुन्याविषयी प्रामाणिक राहा. किती बागवानांशी बोललात, ते कसे निवडले, त्यांत तुमच्याच गटांचे सभासद किती आणि बाहेरचे किती, हे स्वतःहून सांगा. गटातला शेतकरी बहुधा अधिक संघटित असतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांवरून पूर्ण तालुक्याबद्दल बोलता येत नाही. ही मर्यादा तुम्हीच आधी सांगितली, तर सत्राध्यक्ष तिच्यावरून तुम्हाला अडवणार नाहीत, उलट ती कशी दूर करता येईल ते सुचवतील.

भाषेची चिंता मी समजू शकतो, परंतु तिच्यापायी निर्णय अडवून ठेवू नका. आयोजकांना आजच विचारा की मराठीतून सादरीकरण चालेल का. महाराष्ट्रातल्या अशा परिषदांत ते बहुधा चालते. मराठी अर्थशास्त्र परिषदेने तर वर्षानुवर्षे हे शास्त्र मराठीतून चालवून दाखवले आहे. परप्रांतीय प्रतिनिधी असतील, तर पडद्यावरचे तक्ते इंग्रजीत ठेवा आणि बोला मराठीत. इंग्रजीतच बोलावे लागले, तर आरंभ आणि निष्कर्ष लिहून पाठ करा. मधले आकडे तक्ताच सांगेल. बारा मिनिटांत चार तक्त्यांपेक्षा अधिक दाखवू नका आणि त्यांतला एक मालाच्या किमतीच्या वाटणीचा असू द्या. प्रस्तावनेत विदर्भाचा इतिहास सांगण्यात वेळ घालवू नका, तो तुमच्या आधीच्या तिघांनी सांगितलेला असेल.

सत्रे निवडताना केवळ बीजभाषण आणि उद्घाटन ऐकून परतू नका. तुमच्या कामाची तांत्रिक सत्रे बहुधा दुपारी जेवणानंतर असतात, जेव्हा अर्धे सभागृह रिकामे होते. तिथे बसा. जालन्याची मोसंबी, सोलापूरचे डाळिंब, नाशिकची द्राक्षे यांवर काम केलेले कोणी असतील, तर त्यांना एकच प्रश्न विचारा : तुमच्याकडे प्रतवारी आणि साठवण शेतकऱ्यांच्या हातात कशी आली, आणि आली नसेल तर कशामुळे अडली? या उत्तरांचे मोल कोणत्याही भाषणापेक्षा अधिक आहे. नाबार्डचे आणि सांख्यिकी कार्यालयाचे अधिकारी आले असतील, तर चहाच्या वेळी त्यांच्याशी बोला आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ या प्रकाशनातली कोणती तालुकावार माहिती ताजी आहे, ते विचारून घ्या. प्रश्न विचारताना आपले नाव, तालुका आणि काम एका वाक्यात सांगा. पुढे लोक तुम्हाला शोधत येतील ते त्या वाक्यामुळे.

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने काटोलला परतू नका. इटारसी मार्गावरच्या गाड्या आणि एसटी सोयीच्या असल्या, तरी मनमोकळे बोलणे रात्रीच्या जेवणावेळीच होते आणि हा सल्ला मी आग्रहाने देतो. नातेवाइकांकडे राहण्याची सोय असेल तर उत्तमच. परिषद डिसेंबरमध्ये असेल, तर तारीख हिवाळी अधिवेशनाशी जुळते का ते पाहा, कारण त्या काळात नागपुरातली विश्रामगृहे आणि परवडणाऱ्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. आयोजकांकडून महिला प्रतिनिधींच्या निवासाची व्यवस्था लेखी विचारून घ्यावी.

खर्चाचे शेवटी. नोंदणी शुल्कात स्वयंसेवी संस्थांना किंवा संशोधक विद्यार्थ्यांना सवलत आहे का, ते विचारा. मागितल्याशिवाय ती मिळत नाही आणि मागितल्यावर बहुधा मिळते. मात्र निबंध ग्रंथात छापण्यासाठी वेगळे पैसे मागितले गेले, तर थांबा. गोषवारा कोणी वाचून स्वीकारला आहे का, त्यावर काही अभिप्राय आला आहे का, हे पाहा. अभिप्राय काहीच नसेल आणि फक्त प्रमाणपत्र व छपाईचा दर कळवला असेल, तर सादरीकरण करा, पण छपाईचे पैसे भरू नका. हरकती ऐकून सुधारलेला निबंध नंतर ‘अर्थसंवाद’सारख्या मराठी अर्थशास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवता येईल आणि तो तुमच्या बागवानांनाही वाचता येईल. परतल्यावर आठवड्याच्या आत विश्वस्तांना दोन पानांचे टिपण द्या : आपल्या हिशेबातली कोणती रक्कम चुकीची ठरली, कोणती टिकली आणि पुढच्या बहारात कोणती माहिती नव्याने गोळा करायची. त्या टिपणाची एक प्रत गटांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, कारण ज्यांच्या बागांचे आकडे तुम्ही नागपूरला नेले, त्यांना त्याचे काय झाले हे कळायला हवे.